पाच लाखांच्या कागदावर सही करण्याआधी

पत्र: माझे यजमान ३९ वर्षांचे होते. सियागंजजवळ पंपदुरुस्ती आणि मोटर वाइंडिंगचं त्यांचं दुकान होतं. दीड महिन्यापूर्वी नाशिकच्या एका लग्नासाठी ते मित्राच्या कारने निघाले. गाडी मित्रच चालवत होते. सेंधवा मागे टाकून शिरपूरच्या अलीकडे, पहाटेच्या अंधारात, रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर कार मागून आदळली. ट्रकचा एकही दिवा लागलेला नव्हता असं मित्र सांगतात. ते वाचले, हे जागीच गेले. घरात सासूबाई, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि मी. आठवड्यापूर्वी एक माणूस येऊन गेला. "सही करा, पाच लाख लगेच मिळतील, नाहीतर वर्षानुवर्षं कोर्टात फिराल," म्हणाला. मित्राच्या घरचे म्हणतात, केस केलीत तर तो आत जाईल. दीर म्हणतात, केस धुळ्यालाच चालेल, कोण खेटे घालणार? आणि पैसे आले तर आईच्या नावावर ठेवू. दुकानाचं उत्पन्न आयकर विवरणपत्रात वर्षाला तीन लाख साठ हजार दाखवलेलं आहे. आधार कार्डावर यांचं वय चुकून एक वर्ष जास्त लागलं आहे, त्याने काही बिघडेल का? मी काय करू?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्यावर जे कोसळलं आहे त्यात असं नीट, मुद्देसूद पत्र लिहिणं सोपं नाही. तुम्ही विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देते. पण सगळ्यात आधी हे: तो माणूस पुन्हा आला तर सही करू नका. कोऱ्या कागदावर नको, छापील फॉर्मवर नको, "फक्त पोच आहे" असं सांगितलं तरी नको.

तो ज्या पाच लाखांबद्दल बोलतोय ते खोटे नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांची ठरीव भरपाई आहे आणि ती घ्यायला चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. ज्या घरांत चूक दाखवणं अवघड असतं, साक्षीदार नसतो, कमावत्याच्या उत्पन्नाचा कागद नसतो, त्यांना ही तरतूद आधाराची आहे. पण त्याच कायद्यातली दुसरी ओळ हा माणूस तुम्हाला सांगणार नाही. कलम १६४ खालची रक्कम रीतसर स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा, दावा संपुष्टात येतो. म्हणजे पाच लाख हा पहिला हप्ता नव्हे, तिथेच पूर्णविराम. विमा कंपनीला तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा हक्क कायद्याने दिला आहे, तो जरूर द्यावा. मात्र तो लेखी हवा, कंपनीच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचा हवा, आणि तुमच्या वकिलाने वाचल्याशिवाय त्याला होकार नको.

आता कलम १६६ चा दावा म्हणजे काय ते तुमच्याच आकड्यांवर दाखवते. भरपाई न्यायाधीशाच्या मर्जीवर नसते, सर्वोच्च न्यायालयाने तिची रीत घालून दिली आहे: २००९ चा सरला वर्मा खटल्याचा निकाल आणि २०१७ चा प्रणय सेठी खटल्याचा निकाल. वर्षाचं उत्पन्न तीन लाख साठ हजार. स्वतःचा व्यवसाय असलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढे वाढ झाली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे, ते झाले पाच लाख चार हजार. तुम्ही चौघं त्यांच्यावर अवलंबून होतात, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. उरले तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार. ३६ ते ४० या वयोगटाला १५ चा गुणक, म्हणजे उरलेल्या रकमेला १५ ने गुणायचं. म्हणजे ५६ लाख ७० हजार. याशिवाय पतीचा, वडिलांचा, मुलाचा सहवास गेल्याची रक्कम तुम्हा चौघांना प्रत्येकी वेगळी (२०१७ मध्ये ती ४०,००० ठरली आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढते), अंत्यसंस्काराचा खर्च आणि इतर थोडं वेगळं. न्यायाधिकरणाने, म्हणजे असे दावे चालवणाऱ्या कोर्टाने, विवरणपत्रातलं उत्पन्न जसंच्या तसं मान्य केलं, आयकर वगैरे वजावट झाली नाही, तर हा हिशेब असा बसतो. कमी-जास्त होईल. पण पाच लाख कुठे आणि हे कुठे, ते बघा.

आधार कार्डाचा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटला असेल, तो मुळीच किरकोळ नाही. आधारवरच्या सालाने यजमान चाळिशीत जातात. चाळीस ते पन्नास या गटात वाढीचे ४० नव्हे, २५ टक्केच धरतात. गुणक तोच राहतो, पण एकूण रक्कम ५० लाख ६२ हजार ५०० वर येते. फरक सहा लाखांहून जास्त, म्हणजे तो माणूस तुमच्यापुढे जेवढे ठेवत होता त्याच्यापेक्षाही मोठा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच अपघात दाव्यात सांगितलं की आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नाही. शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरायचा. तेव्हा त्यांच्या शाळेचा दाखला आणि दहावीची अंकसूची शोधा. ट्रंकेत नसेल तर शाळेतून दुसरी प्रत काढा. दाव्यात, वकीलपत्रात, शपथपत्रात, सगळीकडे दाखल्यावरचीच तारीख लिहायची. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असं झालं की विमा कंपनीचा वकील तेवढंच धरून बसतो.

दिरांना सांगा, धुळ्याला खेटे घालायची गरज नाही. अपघात महाराष्ट्रात झाला तरी तुम्ही जिथे राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो, कायद्यातच तशी सोय आहे. म्हणजे आपल्या इंदूरच्या जिल्हा न्यायालयात. इंदूरच्या मराठी घरांचं जाणं-येणं सगळं नाशिक, पुणे, जळगाव असं, आणि "केस तिकडे झाली" म्हणून दावा सोडून दिलेली कुटुंबं मला माहीत आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तो हक्क त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता.

मुदत मात्र सांभाळा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावायचा असा नियम आला. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे आणि केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर स्वस्थ बसायचं नसतं. तुमच्याकडे साडेचार महिने आहेत. शिवाय व्याज साधारणपणे दावा दाखल केल्या दिवसापासून धरतात, अपघाताच्या दिवसापासून नाही. जितका उशीर, तितकं व्याज गेलं.

आता मित्राबद्दल. तुमच्या पत्रात सगळ्यात जड झालेलं वाक्य तेच आहे असं मला वाटलं.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पोलीस नोंदवतात आणि सरकार चालवतं. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा असू शकते, हे खरं आहे. पण तुम्ही दावा लावला म्हणून तो गुन्हा नोंदला जात नाही आणि लावला नाही म्हणून मिटतही नाही. तो बहुधा शिरपूरकडे पहिल्याच दिवशी नोंदला गेला असेल. तुमचा दावा पैशांचा आहे आणि त्याचा मुख्य भार विमा कंपनीवर आहे. मित्राच्या घरच्यांना हे शांतपणे, कुणीतरी मोठं माणूस बरोबर घेऊन सांगा.

एक गोष्ट मात्र त्यांच्यापासून लपवू नका. कारची पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे यावर बरंच अवलंबून आहे. पॅकेज, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात, ती असेल तर गाडीत बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपनी घेते. नुसती थर्ड पार्टी असेल तर खासगी कारमध्ये सहज बसलेल्या पाहुण्याची जबाबदारी कंपनी झटकते आणि कोर्टंही बहुतेक वेळा कंपनीचं ऐकतात. तसं झालं तर कारचा वाटा मित्राच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा पॉलिसीची प्रत मागा. केवळ कंपनीचं नाव आणि मुदत हवी असेल तर एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून कळते, पण पॅकेज की थर्ड पार्टी हे प्रतीवरूनच नीट समजतं.

तुमचं बळ ट्रकमध्ये आहे. रात्री महामार्गावर दिवे न लावता, धोक्याचा त्रिकोण न ठेवता गाडी उभी करणं हा निष्काळजीपणाच आहे. वाहन धोकादायक स्थितीत उभं करायला कायद्याने मनाई आहे. तुमचे यजमान शेजारी बसले होते, त्यांची स्वतःची चूक शून्य. अशा वेळी दोन वाहनांच्या चुकीने गेलेल्या माणसाच्या वारसांना पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून दाव्यात कारचा मालक, चालक, विमा कंपनी आणि ट्रकचा मालक, चालक, विमा कंपनी, सगळ्यांना प्रतिवादी करा. "मित्राचं नाव वगळू या" असा आग्रह कुणी धरला तरी ऐकू नका. तो हजर नसेल तर ट्रकची कंपनी सगळा दोष गैरहजर माणसावर टाकून मोकळी होईल, आणि तुमचं नुकसान होईल.

आणि हेही त्यांना सांगा की दिवे बंद होते हे सांगणारा एकमेव माणूस मित्रच आहेत. तुमच्या दाव्यात ते विरोधात दिसतील, पण ट्रकच्या मुद्द्यावर तुम्ही आणि ते एकाच बाजूला आहात. ट्रकवाल्याची चूक नोंदली जाणं त्यांच्याही हिताचं आहे.

इथेच घाई करायची आहे. मागून धडकली म्हणून कारवाल्याचीच चूक, असं गृहीत धरून गुन्हा नोंदण्याची पोलिसांची सवय असते. एफआयआरमध्ये ट्रकचालकावर काही लिहिलं आहे का, घटनास्थळाच्या पंचनाम्यात ट्रक डांबरावर होता की कडेला मातीत उतरलेला, मागे परावर्तक पट्ट्या होत्या का, पार्किंगचे दिवे चालू स्थितीत होते का, ब्रेकच्या खुणा किती लांब, हे सगळं वाचा. नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत धुळ्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा. त्या पहाटेचे फोटो ज्यांच्या फोनमध्ये असतील त्यांना ते पुसू नका म्हणावं. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत चालते, पण मूळ फोटोत वेळ असते.

पोलिसांचंही तुमच्याबद्दल एक कर्तव्य आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताची पहिली माहिती त्यांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवायची, दहा दिवसांत तुम्हाला तुमच्या हक्कांचा फॉर्म द्यायचा, आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा. तुमच्या घरच्या लोकांची माहिती, उत्पन्नाचे कागद वगैरे साठ दिवसांत त्यांच्याकडे पोचवायचे असतात, म्हणजे तुमच्या हातात थोडेच दिवस आहेत. तेवढ्यासाठी एकदा दिरांना शिरपूरला जावं लागेल. त्याच फेरीत एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि दोन्ही गाड्यांच्या कागदांच्या प्रती आणाव्यात. मृत्यू तिकडे झाला म्हणून मृत्यूची नोंदही तिकडेच असते, इंदूरच्या नगर निगममध्ये नाही. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदम काढा, प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत मागतात. तिथले कागद मराठीत असतील आणि आपल्याकडे कामकाज हिंदीत चालतं, तेव्हा त्यांची हिंदी प्रत करून दाव्याला जोडावी लागेल. पुढे धुळ्याच्या न्यायाधिकरणाची नोटीस आली तर घाबरू नका आणि बाजूलाही ठेवू नका. पोलिसांचा अहवाल तिकडे गेल्यामुळे ती येते. इंदूरला दावा लावला आहे हे वकिलामार्फत तिकडे कळवायचं.

घरातल्या पैशांबद्दल. सासूबाईंचा हक्क आहे, तो मनापासून मान्य करा. त्या आई आहेत, मुलावर अवलंबून होत्या. दाव्यात तुम्ही, दोन्ही मुलं (त्यांच्या वतीने तुम्ही) आणि सासूबाई, असे चौघं अर्जदार. कोणाचा वाटा किती हे न्यायाधिकरण ठरवतं आणि रक्कम ज्याच्या-त्याच्या खात्यात जाते. मुलांचा वाटा सहसा ते सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो, कोणाला काढता येत नाही. "सगळं आईच्या नावावर" हा दिरांचा विचार वाईट हेतूचा असेल असं मी म्हणत नाही. घर एकत्र राहावं हीच त्यामागची भावना असेल. पण दहावीतल्या मुलाचं शिक्षण आणि तुमची पुढची तीस-चाळीस वर्षं त्या रकमेवर आहेत. तुमच्या एकटीच्या नावाचं बचत खातं उद्याच उघडा, संयुक्त नको.

दुकान आता दीर बघतात का, हे पत्रात नाही. बघत असतील तर हे ऐकून ठेवा. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तुम्हाला विचारणार, "दुकान तर चालूच आहे ना? मग नुकसान काय झालं?" खरं तेच सांगा. मोटर उघडून तिची जळलेली तार काढून नवी गुंडाळायची, ती त्यांची हातोटी होती. कारागीर पगारावर ठेवावा लागला असेल तर त्याचा पगार किती, यजमानांच्या वेळचं उत्पन्न किती होतं आणि आता किती आहे, याची वही ठेवा. जुन्या गिऱ्हाइकांची बिलं, तीन वर्षांची विवरणपत्रं, दुकानाचं बँक खातं, एवढं असलं की तो प्रश्न पडतो आणि विरतो. तुमची साक्ष बहुतेक शपथपत्रावर होईल, उलटतपासणीला एकदा उभं राहावं लागेल. मुलांना कोर्टात यायची गरज नाही.

वकिलाची निवड करताना एकच कसोटी लावते. जो "मिळालेल्यातले इतके टक्के" मागतो त्याला नाही म्हणा. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे. रुग्णालयाच्या आवारात आणि पोलीस ठाण्याबाहेर जे "क्लेम करून देतो" म्हणत भेटतात, त्यांचं बोलणं इथूनच सुरू होतं. फी आधी ठरवा, लिहून घ्या. आणि फी देणं जड असेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

लोक अदालतीत मिटवायचा प्रस्तावही येईल. चांगला असेल तर जरूर घ्या, वेळ वाचतो. पण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, तेव्हा वर सांगितलेला हिशेब कागदावर लिहून हातात ठेवूनच जा. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, आणि आपल्याकडे खंडपीठ इंदूरलाच आहे.

एक राहिलंच. यजमानांच्या बँकेच्या पासबुकात मे महिन्याच्या शेवटी कापलेले वीस रुपये शोधा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यूला दोन लाख. तसेच ४३६ रुपये कापले असतील तर जीवन ज्योती योजनेचे आणखी दोन लाख. हे फॉर्म शक्यतो तीस दिवसांत द्यायचे असतात आणि तुम्हाला दीड महिना झाला आहे, म्हणून मृत्यूचा दाखला आणि एफआयआर हातात आल्या-आल्या बँकेत जा. हे पैसे, किंवा एलआयसीचे पैसे, दाव्याच्या रकमेतून वजा होत नाहीत. खातं उघडायला जाल तेव्हाच त्यांचं पासबुक भरून घ्या.